दवण्याचा व्हर्मुथ

१ डिसेंबर, मंगळवार

रोजनिशी सुरू. लोक एक जानेवारीला सुरू करतात आणि आठवड्यात सोडतात. मी महिनाभर आधी सुरू केली. पायाच वेगळा.

आज ऑफिसात मीटिंग. आमचे मालक-संपादक नानासो द्राक्ष बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यावर इटलीला जाऊन आले. अभ्यास काय झाला ते कळले नाही, पण प्रत्येक वाक्यात इटली येते. आटपाडीच्या टँकरविषयी बोलतानाही आली. नव्या वर्षापासून रविवारची पुरवणी 'यंग' करायची आहे. माझे सदर 'आचमन' (पान सहा, तळाशी, जाहिरात नसेल तर) ठेवायचे की बंद करायचे, ते एक तारखेला सांगतो म्हणाले. सांगताना शिवतेजकडे पाहत होते.

शिवतेज म्हणजे आमच्याकडचा नवा पोरगा. दाढी कोरीव, मराठी ओबडधोबड. मला 'काका' म्हणतो. त्याच्या खऱ्या काकांविषयी मला सहानुभूती आहे.

मग नानासोंनी व्हेनिसची संध्याकाळ सांगितली. फेसाळ वाइन, तिच्यात व्हर्मुथ नावाचे कडूगोड काहीतरी, वर संत्र्याची फोड. "आपल्या सांगलीत हे कुणाला जमायचं?" असे विचारून खिन्न झाले. मी म्हणालो, "मला."

का म्हणालो ते अद्याप स्पष्ट नाही. पण आता म्हणालो आहे.

संकल्प: एकतीस डिसेंबरला आपल्या गच्चीवर पार्टी. नानासो सपत्नीक. व्हेनिस इथेच उभे करायचे. मग 'आचमन' बंद करून दाखवावे.

४ डिसेंबर, शुक्रवार

घरी जाहीर केले. दरवर्षी आमचा थर्टी-फर्स्ट मलकापूरला नाथाजींच्या शेतावर असतो. नाथाजी माझे साडू. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त, उसाची जमीन, मिशी. कँटीनची रम, चुलीवरचे मटण, आणि तिसऱ्या पेगनंतर मला उद्देशून, "काय पंडित, तुमच्या वेदात रम हाय का न्हाई?" सगळे हसतात. इतकी वर्षे मीही हसत आलो. यंदा हसणार नाही. यंदा ते आमच्याकडे येतील, हातात नाजूक ग्लास धरतील आणि गप्प बसतील.

विजयमाला सगळे ऐकून म्हणाली, "एकतीसला? बरं. मग गच्ची तुम्हीच झाडा." विसाव्या शतकात लग्न झालेल्या बायकोकडून मिळणारा हा सर्वोच्च पाठिंबा होय.

७ डिसेंबर, सोमवार

वाइन शॉपला गेलो. मान खाली घालून, कारण समोरच क्लासेस सुटत होते आणि निम्म्या पोरांना मी एकेकाळी संस्कृत शिकवलेय. फेसाळ वाइन मागितली. काउंटरवाला म्हणाला, "उडवायची का प्यायची?" मी म्हणालो, प्यायची. तो म्हणाला, "मग दुसरं काहीतर न्या की."

व्हर्मुथ त्याने ऐकलेले नव्हते. खोकल्याच्या औषधाच्या रंगाची एक बाटली पुढे केली. "ह्यात तेच असतंय." त्याच्या आत्मविश्वासाचा हेवा वाटला. घेतली नाही.

संध्याकाळी अभ्यास. व्हर्मुथ म्हणजे पांढऱ्या वाइनमध्ये कडू वनस्पती, मसाले, साली मुरवायच्या, जळकी साखर घालायची, थोडी ब्रँडी. आणि मुख्य कडू वनस्पती कोणती? तर आपल्या दवण्याची सख्खी चुलतबहीण! चैत्रात आपण ज्याच्या जुड्या जोतिबाला वाहतो, तो दवणा. वाचून उठून उभा राहिलो. आसवे आणि अरिष्टे ज्या भाषेत लिहिली गेली ती भाषा मी साताऱ्याच्या पाठशाळेत छड्या खाऊन शिकलो आहे. इटलीने मला शिकवावे?

निर्णय: व्हर्मुथ घरी करणार.

१० डिसेंबर, गुरुवार

विजयमालाचा उपास. मार्गशीर्षातला गुरुवार. हॉलमध्ये पाटावर कलश, कलशावर नारळ, नारळाला मुखवटा, मुखवट्याला नथ. संध्याकाळी विश्रामबागेतल्या तमाम बायका हळदीकुंकवाला. दारात चपलांचा ढीग. माझ्या खुर्चीवर केळ्यांची पाटी. मी उभ्याने बातमी लिहिली.

या व्रताला श्रुतीत आधार नाही, स्मृतीत नाही, एका पातळ पुस्तकात आहे, हे मी स्वयंपाकघराच्या दारातून नम्रपणे सांगितले. शेजारणीने विचारले, "भाऊजी, प्रसाद घेणार ना?" घेतला. शिरा बरा होता. मतात बदल नाही.

रात्री बरणीत व्हर्मुथ घातला. वाळका दवणा पूजासाहित्याच्या दुकानातून, काडेचिराईत काष्ठौषधीवाल्याकडून, संत्र्याची साल, वेलदोडे, वर पांढरी वाइन आणि जळकी साखर. ब्रँडी नाही. ब्रँडीसाठी एकच माणूस आहे आणि त्याला फोन करणार नाही.

११ डिसेंबर, शुक्रवार

नाथाजींना फोन केला. "आली का न्हाई पाळी आमच्या कँटीनवर?" असे म्हणून ते इतका वेळ हसले की मला डांग्या खोकल्याची शंका आली. मग म्हणाले, "पाठवतो, पाव्हणं. पर खरं सांगा, ही बायकांची दारू कुणाला पाजनार हायसा?" मी शांतपणे सांगितले की हे पेय युरोपात सेनापती पीत. "म्हणूनच हरत्यात," म्हणाले.

१२ डिसेंबर, शनिवार

आई आली. दहिवडीकडून, एसटीने, सोबत बाजरीचे पोते. आईचे नाव दगडाबाई, आणि ते ठेवणारा द्रष्टा होता. बरणी पाहून वास घेतला. "दवणा?" मी हो म्हणालो. "द्येवाचा दवणा दारूत घालतुयास? मेंढरं राखाय ठिवला आसता तर बरं झालं आसतं. मेंढरं तर वळली आसतीस."

आईला आधुनिक वनस्पतिशास्त्र समजावून सांगितले. ती मध्येच झोपली.

१५ डिसेंबर, मंगळवार

पहिली रंगीत तालीम. एक बाटली केवळ सरावासाठी. गच्चीवर, सकाळी, सगळे खाली असताना. लेखी सूचना स्पष्ट होती: बूच अंगठ्याने धरावे, बाटली फिरवावी, बूच नव्हे. मी दोन्ही फिरवले.

बूच सोलरच्या नळीवर बसले. काचेची नळी. सांगलीत आणखी शंभर दिशा होत्या.

गरम पाणी बंद. डिसेंबरात. आईला रोज कडकडीत पाणी लागते. विजयमाला बोलायची थांबली. बोलणे थांबले म्हणजे शांतता, असा माझा समज होता. तिने पातेले गॅसवर ठेवले त्या आवाजाने दूर झाला.

वाइन अर्धी उडाली, उरलेली चाखली. आंबट. पण आंबटपणात एक शिस्त आहे.

१७ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा गुरुवार, पुन्हा बायका, पुन्हा चपला. आमचा संवाद सध्या आईमार्फत. "ती म्हन्ती, नळीवाला आला न्हाई." मी म्हणालो, सांग तिला, उद्या येईल. "त्यो म्हन्तोय उद्या." "ती म्हन्ती, तुजं उद्या म्हाईत हाय." दोघे एकाच सोफ्यावर बसलो होतो.

ब्रँडी आली. बाटलीला नाथाजींची चिठ्ठी: 'जखमेवर लावावी.' दुर्लक्ष केले. बरणीत घातली. वास बदलला. कोपऱ्यातून देवळाचा वास येतो आणि मागोमाग दवाखान्याचा. वाटेवर आहोत.

१९ डिसेंबर, शनिवार

ऑफिसात नानासोंना बोलावणे केले. मोठ्या गांभीर्याने म्हणाले, "एकतीसला? हिच्याशी बोलतो. जमलं तर व्हेनिसच होऊन जाऊ दे." शिवतेज ऐकत होता. "काका, मी पण येऊ का? कंटेंट मिळेल." नाही म्हणायला हवे होते. नानासो समोर होते म्हणून "अगत्य या" म्हणालो. हे शब्द अजून घशात आहेत.

पेयांची नावे ठरवली. कोरड्यासाठी 'हेमन्तिका'. गोडासाठी 'फेनोत्सव'. नाथाजींसाठी 'सैनिक-विरेचन', पण ते फक्त या वहीत.

२१ डिसेंबर, सोमवार

दुसरी तालीम. व्हर्मुथ, बर्फ आणि फेसाळ वाइन एकत्र घालून खूप हलवायचे, असे एका व्हिडिओत पाहिले होते. ताकाच्या डब्यात घालून तसे हलवले. नंतर कळले, त्यात फेसाळ वाइन नव्हती. ती शेवटी, वरून, अलगद घालायची असते. हे ज्ञान मला ताकाच्या डब्याचे झाकण छताला लागल्यावर प्राप्त झाले.

पडद्यावर डाग. आईच्या लुगड्यावर शिंतोडे. आई म्हणाली, "इरादा काय हाय? घरातली मानसं कमी करायचा?" विजयमाला म्हणाली (आईला), "त्यांना सांगा, ताकाचा डबा आता त्यांचाच." याला मी मालकीहक्काचे हस्तांतरण समजतो. आता हा माझा शेकर.

आईने मात्र बरणीतला एक चमचा घेऊन पाहिला. "लय कडू. पर गुडघं हालकं वाटत्यात." ही पहिली अनुकूल प्रतिक्रिया.

२४ डिसेंबर, गुरुवार

तिसरा गुरुवार. तेच सगळे. माझ्या खुर्चीवर आज सफरचंदे.

बायका गेल्यावर आईने निरोप दिला. "ती म्हन्ती, शेवटच्या गुरवारी आवस हाय, म्हून उद्यापन चौथ्यालाच. एकतीसला." म्हणजे एकतीसला गुरुवार आहे. मी पाहिलेच नव्हते.

पण नीट विचार केल्यावर अडचण नाही. तिचे खाली, माझे वर. तिचा नारळ हॉलमध्ये, माझे ग्लास गच्चीवर. मधे जिना आहे. आणि नानासो तर इटली पाहून आलेले. त्यांना गुरुवार आणि बुधवार यांत फरक राहिला असेल असे वाटत नाही.

तारीख बदलावी का? नाही. बदललेली तारीख म्हणजे कचरलेला माणूस. शिवतेजला हेच हवे असणार.

२५ डिसेंबर, शुक्रवार

आनंद! नानासोंच्या घरून फोन. वहिनीसाहेब स्वतः. मी उचलला. म्हणाल्या, "एकतीसला नक्की येतोय दोघंही. गुरुवार आहे म्हटल्यावर यायलाच पाहिजे. तुमच्याकडचं ऐकून आहे मी. सगळं रीतसर असतं म्हणे." मी म्हणालो, रीतीत कसूर होणार नाही. "विजयमालाताईंनी किती आग्रहानं बोलावलं," असेही म्हणाल्या.

म्हणजे विजयमालाने फोन केला होता! न बोलणारी बायको आतून नवऱ्याच्या बाजूनेच असते, हे आज पटले. तिला धन्यवाद द्यायला गेलो. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती हळदीकुंकवाची पेटी हुडकायला लागली.

२७ डिसेंबर, रविवार

'आचमन' छापून आले. जाहिरातीने खालच्या चार ओळी खाल्ल्या. विषय होता संयम.

बरणी गाळली. रंग मावळतीच्या कृष्णेसारखा. चव: आधी गोड, मग कडू, मग जोतिबाचा डोंगर. बरणीतली पातळी वाटली होती त्यापेक्षा खाली आहे. आईचे गुडघे आठवडाभर फारच हलके आहेत. जिना चढून गच्चीवर वाळवणे बघायला गेली. वाळवणे नव्हतीच.

२९ डिसेंबर, मंगळवार

पूर्वतयारीचा आढावा. ग्लास: मिरजेहून आणले. उंच, बारीक, एकाच पायावर उभे. आई म्हणते बगळे. संत्री: आहेत. भडंग: आहे. फेसाळ वाइन: चार बाटल्या, चौथीवर शंका. दिव्यांच्या माळा: आहेत, अर्ध्या लागतात. भाषण: लिहिले. पेयाच्या इतिहासावर, साधारण अर्धा तास, मध्ये टाळ्यांसाठी जागा सोडलीय.

नाथाजींचा फोन. "येतोय, पाव्हणं. दोघंबी." त्यांना म्हणालो, बाटली आणू नका, या वेळी अपमान समजेन. "न्हाई आणत," म्हणाले. आवाजात आज्ञाधारकपणा होता. सैन्य ओळखते, कुणापुढे नमायचे ते.

३० डिसेंबर, बुधवार

गच्ची झाडली. पाठ गेली.

खाली विजयमाला पुरण शिजवते आहे. उद्याच्या पार्टीला पुरणपोळी? सुचवून पाहिले (आईमार्फत) की या पेयांबरोबर खारट चालते. निरोप आला: "ती म्हन्ती, तू तुजं बग." अलिप्तपणा. समजू शकतो. मोठ्या कार्यापूर्वी घर असेच असते.

३१ डिसेंबर, गुरुवार

सकाळी. थंडी कडक. पाणी गार. नळीवाला अजून 'उद्या'वर आहे. मन मात्र गरम. आज 'आचमन'चा दिवस.

दुपारी. बाटल्या बर्फात. हॉलमध्ये कलश दरवर्षीपेक्षा मोठा, मुखवट्याला नवी नथ. बायका आत्ताच यायला लागल्या आहेत. चपलांनी दारातली फरशी झाकली. पुरुष जिन्याने थेट वर जातील, असा बाण काढून भिंतीवर चिकटवला.

६.३०. पांढरा सदरा. पहिली बाटली उघडली. अंगठा, बाटली फिरवणे, सगळे शास्त्रोक्त. बूच हातात राहिले! फुस् आवाज. बघायला कुणी नव्हते. आई होती, ती म्हणाली, "ह्यो फुसका कशाला आनलास?"

६.४५. ग्लास भरले. व्हर्मुथ, बर्फ, वरून फेसाळ वाइन, अलगद. हलवले नाही. संत्र्याची फोड. एका ओळीत. माळांच्या अर्ध्या प्रकाशात फेस वर चढताना दिसतो. हे मी केले. दहिवडीच्या मल्हारने.

७.००. खाली गाडी थांबली. नानासोंचा आवाज. वर येतील.

७.१०. आले नाहीत. चपला काढत असतील.

७.१५. फेस बसायला लागला. फेसाळ वाइनचे हेच दुर्दैव, थांबत नाही. पहिला ग्लास वाया जाऊ नये म्हणून घेतला. चव उत्तम. मी हे निःपक्षपातीपणे लिहीत आहे.

७.२०. नाथाजी आले! हातात पुरणपोळीचे ताट. म्हणालो, बसा, पहिला मान तुमचा. हात मागे घेतला त्यांनी. "गुरवारी आपला हात ह्याला लागत न्हाई, पाव्हणं. दत्ताचा वार. कारगिलला होतो तवाबी न्हाई लागला." मी म्हणालो, हे तुम्ही आधी का नाही सांगितले? "आवं, तुमी पंडित. मला वाटलं, आमच्या परीस तुमास्नी म्हाईत आसंल." मग ओळीकडे बघत तूप चाटून म्हणाले, "आन् हे सगळं कोन पिनार? खाली तर कुनीबी न्हाई घेनारं. नानासो मार्गशीर्षभर शिवत न्हाईत, माळ हाय त्येंची. आत्ताच प्रसाद घेत सांगत हुते. लय देवमानूस."

देवमाणूस. व्हेनिसला गेलेला. तेव्हा कोणता महिना होता हे विचारायला हवे होते.

मग वहिनीसाहेब कशाला आल्या? उद्यापनाला. विजयमालाच्या बोलावण्याने. 'सगळं रीतसर' म्हणजे नारळ. माझे बोलावणे त्यांच्या कानावरही गेले नसावे. नानासो मात्र विसरले नसणार; त्यांनी गुरुवार पाहून सोडून दिले.

नाथाजी खाली गेले. "आणखी एक पोळी बघतो," म्हणाले.

७.३०. फेस मरताना पाहवत नाही. दुसरा, तिसरा. भडंग खाल्ले. भाषण एकदा म्हणून पाहिले. टाळ्यांच्या जागी थांबलो.

७.५०. शिवतेज वर आला. ओळीचे फोटो काढले. "काका, भारी सेटअप! घेऊ का एक?" घे म्हणालो. मग तोच म्हणाला, नको, खाली आरती आहे, वास आला तर वाईट दिसेल. ओबडधोबड मराठीतला हा माणूस माझ्यापेक्षा सुज्ञ निघाला, हे लिहिताना हात जड होतो. कदाचित दुसऱ्याच कारणाने.

८.००. आई जिन्यात. "मल्हारी, खाली ये. तुला बोलवत्यात."

पुढचे आता लिहीत आहे, सगळे गेल्यावर. घड्याळ पाहत नाही.

खाली गेलो तर हॉल भरलेला. बायका दाटीवाटीने, भिंतीला पुरुष. समया लावलेल्या. नानासो पाटाशेजारी मांडी घालून, कपाळावर कुंकू. सोवळ्यातले दिसत होते. मला पाहून वहिनीसाहेब म्हणाल्या, "आले! आता खरं उद्यापन होईल. दरवेळी आम्ही पुस्तकातली कहाणी वाचतो, पण आज घरात संस्कृतचा माणूस आहे. मल्हारराव, श्रीसूक्त म्हणा." आणि नानासो म्हणाले, "म्हणाच. तुमचे उच्चार ऐकायचे आहेत मला. 'आचमन'मध्ये नुसतं वाचतो. अहो, उद्या निर्णय घ्यायचाय, आज पुरावा द्या."

श्रीसूक्त! जे मला झोपेतही येते. पाठशाळेत गुरुजींनी एका स्वरासाठी तीन दिवस उभे केले होते. अख्ख्या विश्रामबागेत ते स्वरांसकट म्हणणारा दुसरा नाही. महिनाभर मी जे येत नाही त्याची तालीम केली. आणि जे येते ते मागायला लोक हॉलमध्ये बसले होते.

पाटासमोर बसलो. डोळे मिटले. तोंड उघडले. 'हिरण्यवर्णां'मधले 'हि' म्हटले आणि पुढचे येईना. स्वर वर जायच्या ठिकाणी फेस वर आला. ढेकर. संत्र्याचा.

पहिली बोलली आई. आईला कुजबुजणे येत नाही, माणातल्या माळावर कुणालाच येत नाही. "आरं मल्हारी, तोंडाला वास यतोय दवण्याचा. उठ, चूळ भर. देवी हाय म्होरं."

वहिनीसाहेब भाबड्या. "दवणा? अगबाई, जोतिबाचा!" म्हणून त्यांनी हात जोडले. दोन-तीन बायकांनीही जोडले. क्षणभर वाटले, निभावले.

पण नानासो जवळ सरकले. एक दीर्घ श्वास घेतला. डोळे मिटले त्यांनी, आणि मी शपथेवर सांगतो, त्या चेहऱ्यावर व्हेनिस आले. माझ्या कानाशी अगदी हळू म्हणाले, "मल्हारराव, हुबेहूब. जमलंय तुम्हाला." मग डोळे उघडून, तितक्याच हळू, "पण आज नको होतं."

मी उठलो. पाय पाटाला लागला. समई हलली, विजयमालाने धरली. पंधरवड्यात पहिल्यांदा ती थेट माझ्याशी बोलली. "बाजूला व्हा."

श्रीसूक्त शिवतेजने मोबाईलवर लावले. स्पीकर आणलाच होता त्याने. मध्येच एका चिकट डिंकाची जाहिरात लागली. लोकांनी हात जोडलेलेच ठेवले. जाहिरात संपल्यावर पुन्हा सूक्त. सगळ्यांना फार आवडले. "किती शुद्ध," वहिनीसाहेब म्हणाल्या.

नाथाजी निघताना जिन्यात भेटले. वेदातल्या रमची चौकशी केली नाही. खांद्यावर हात ठेवून नुसते म्हणाले, "झोपा, पाव्हणं." ते हसले असते तर बरे झाले असते.

१ जानेवारी, शुक्रवार

डोके जड. पाणी गार.

दुपारी नानासोंचा फोन. आवाजात राग नाही, ते जास्त वाईट. पुरवणी शिवतेजकडे. 'आचमन' बंद. वाचक पत्रे पाठवतील का, विचारले मी. म्हणाले, "बघू." मग, "तुम्हाला काढत नाहीये. इतकी वर्षं आहात. रोजची पंचांगाची चौकट आजवर जोशी बघत होते, त्यांचे डोळे गेले. तिथी, वार, सूर्योदय, दिनविशेष. उद्यापासून तुम्ही बघा. रोज वार बघायची सवय लागेल." हसले नाहीत. मनापासून म्हणाले असावेत.

विजयमालाला सांगितले. थेट. आई गावी गेली सकाळच्या गाडीने, बरणी घेऊन. विजयमाला म्हणाली, "रोज छापून येईल म्हणजे. रविवारचं तर कुणी वाचत नव्हतं." हे तिने सांत्वन म्हणून म्हटले की नाही, कळायला मार्ग नाही. पण पातेल्यात माझ्यासाठीही पाणी तापत होते.

तसे पाहता पंचांग ही पहिल्या पानाची गोष्ट. वर, उजवीकडे. सहाव्या पानाच्या तळापेक्षा कितीतरी वर. जाहिरात ते खाऊ शकत नाही. नीट केले तर त्यात एखादी ओळ, एखादे मत, हळूच घालता येईल. संकल्प: जिल्ह्यातले सर्वांत अचूक पंचांग.

२ जानेवारी, शुक्रवार

पहिली चौकट पहाटेच उठून वेबसाइटसाठी पाठवली. मार्गशीर्ष कृष्ण दशमी. सूर्योदय दोनदा तपासला. समाधान.

शिवतेजचा उलट मेसेज: 'काका, मस्त झालंय. फक्त आज शनिवार आहे. मी बदललं.'